मुळशीतली पोकळ जमीन

मुळशीला लोक धरण बघायला जातात. मी एक खोली बघायला गेले होते. मंगळवेढ्याला परतल्यावर शाळेतल्या बाईंनी विचारलं, "काय होतं एवढं त्या खोलीत?" मी म्हटलं, "जमीन." त्या मायेनं म्हणाल्या, "चहा घेता का?" गेल्या डिसेंबरपासून लोक माझ्याशी असंच बोलतात. त्यांचा काही दोष नाही, मीच फार कमी बोलते. म्हणून आता सगळं सावकाश लिहून काढते आहे.

ती जमीन माझ्या धाकट्या भावानं, मिलिंदनं, आखलेली होती. मुळशी तालुक्यात, पिरंगुटजवळच्या एका कारखान्यात तो इंजिनिअर होता. कारखान्यानं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी खोली तयार करायचं काम मिलिंदकडे आलं. खोली झाली, पण यंत्र येण्याआधीच कावीळ झाली आणि डिसेंबरात मिलिंद गेला. मे महिन्यात यंत्र आलं. कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख दीक्षित यांनी मला कळवलं, की उद्घाटन आहे आणि त्याच दिवशी चाचणीही आहे, तुम्ही यावं. मी शाळेचं ग्रंथालय सांभाळते. सुट्टी सुरू झाली होती. मी निघाले.

पिरंगुट फाटा

पुण्यातून पौडच्या गाडीत बसलं आणि कोथरूड मागे पडलं, की रस्ता चढायला लागतो. आमच्याकडे नजर जाईल तिथपर्यंत काळं सपाट रान असतं आणि कुठे जायचं ते आधीच दिसत असतं. इथे प्रत्येक वळणाला पुढचा डोंगर मागच्याला झाकतो. भूगाव, भुकूम अशी गावं एकदम समोर येतात आणि तशीच नाहीशी होतात. उतारावरचं गवत उन्हानं पार वाळलं होतं. करवंदीच्या जाळ्या तेवढ्या हिरव्या होत्या.

पिरंगुटला गाडीतून उतरताना माझ्या चप्पलेचा अंगठा तुटला. मला न्यायला रामभाऊ सायकल घेऊन आले होते. ते कारखान्याच्या फाटकावर पहारा करतात आणि भरे गावात राहतात. मिलिंद त्यांच्याच घरी एका खोलीत राहायचा.

"जय भीम, ताई," म्हणत त्यांनी पिशवी घेतली आणि माझ्या पायांकडे पाहिलं. "तुटली व्हय? ऱ्हाऊ द्या. उद्या तितं बी चपला काढूनच आत जायाचं हाय. आजपासनं सवय करा."

पिशवी सायकलच्या कॅरिअरला बांधून, एका हातात चपला धरून, मी त्यांच्यामागून भऱ्यापर्यंत चालत गेले. तापलेल्या डांबरावरून पाय उचलत चालणारी शाळेतली बाई पाहून रस्त्याकडेच्या म्हशींनीसुद्धा माना वळवल्या.

रामभाऊंच्या पत्नी भागूबाई दारातच होत्या. त्यांनी आधी माझ्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, मग नवऱ्याला झापलं. "सायकल होती ना? ताईंला मागं बसवायला काय झालं व्हतं?"

"पिशवी हाय की मागं," रामभाऊ म्हणाले.

"पिशवीचं पाय दुखत व्हतं व्हय वो!"

जेवायला आंबेमोहोराचा भात होता. हा भात शिजताना घरभर आंब्याच्या मोहोराचा वास सुटतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि मला ते अतिशयोक्त वाटलं होतं. ते तसं नाही. बरोबर मुळा नदीतल्या बारीक माशांचं कालवण आणि नाचणीची भाकरी होती. आमच्याकडे भात सणाला किंवा आजाऱ्याला करतात असं मी सांगितलं, तेव्हा भागूबाईंचा हात पातेल्यावर थांबला.

"मग रोजच्याला काय खाता?"

"ज्वारीची भाकरी."

"रोज?"

"रोज."

"मग दात लई घट असत्याल तुमचं," त्या म्हणाल्या आणि मी आजारी असल्यासारखा आणखी भात वाढला.

मिलिंदचा विषय त्यांनीच काढला. आमच्याकडे गेलेल्या माणसाबद्दल हळू आवाजात बोलतात. भागूबाई त्याच्याबद्दल अशा बोलत होत्या, की जणू तो आत्ता नळावर हात धुवायला गेला आहे.

"गावात समदी इचारायची, ती जमीन पोकळ कशापायी केलीया. मी बी इचारलं, दादा, खाली साप शिरला म्हंजी? तर म्हणतो कसा, वहिनी, तितं इतकी थंडी हाय, की साप सोता माझ्याकडं स्वेटर मागंल."

रामभाऊ हसले. मलाही हसू आलं असावं, कारण भागूबाई समाधानानं उठल्या आणि विहारातली नवी सतरंजी काढून झटकायला लागल्या. लाल-निळ्या पट्ट्यांची, चांगली जाड आणि लांबरुंद सतरंजी होती. "परवाच्या कार्यक्रमाला द्यायचीया," त्या म्हणाल्या. "आपल्या दादाची खोली. मोठी मान्सं काय उघड्या फरशीवर बसवायची?"

खोली

दुसऱ्या दिवशी सकाळी रामभाऊंनी मला कारखान्यात नेलं. दीक्षित साहेब खोलीच्या दारातच उभे होते. पन्नाशीचे, पांढरा सदरा, पायात मोजे. बाहेर लाकडी घडवंचीवर सगळ्यांच्या चपला आणि बूट ओळीनं मांडले होते. धूळ आत जाऊ नये म्हणून ही पद्धत आहे. देवळात शिरावं तशी माणसं पाय पुसून आत जात होती. माझ्या अनवाणी पायांकडे पाहून ते म्हणाले, "वा, तुम्ही अगदी तयारीनंच आलात."

आत शिरल्यावर पहिली जाणीव पायांना झाली. फरशी गुळगुळीत आणि गार होती, आणि पाऊल टाकलं की किंचित पोकळ आवाज यायचा. दीक्षितांनी रबराच्या दोन वाट्या असलेली एक मूठ आणली, एका चौकोनी फरशीवर दाबली आणि झाकण उचलावं तशी ती फरशी उचलली. खाली हातभर पोकळी होती. लोखंडी पायांच्या रांगा, त्यावर आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यावर सगळी खोली तोललेली. खऱ्या जमिनीवरून जाड काळ्या वायरी गेल्या होत्या. आणि त्या पोकळीतून थंड वारा वाहत होता. कोपऱ्यातलं यंत्र हवा गार करून ती खाली ढकलत होतं.

"इतर ठिकाणी थंड हवा छतातून सोडतात," दीक्षित म्हणाले. "मिलिंदचं म्हणणं असं, की गरम हवा आपली आपण वर जाते. मग तिला वरून थंड हवा ओतून पुन्हा खाली कशाला ढकलायची? थंडी जमिनीखालून आणा, बरोब्बर यंत्राच्या कपाटांसमोर बाहेर काढा, आणि तापलेली हवा छताजवळून परत घ्या."

कपाटांसमोर एक ओळ वेगळ्या फरश्यांची होती. त्यांना बारीक बारीक भोकं होती. मी त्या जाळीवर पाऊल टाकलं आणि माझं लुगडं फुगून घोट्यांवर आलं. दीक्षितांनी सभ्यपणे छताकडे पाहिलं. मी दोन्ही हातांनी निऱ्या धरून मागे सरकले.

मला मिलिंदची शेवटची दिवाळी आठवली. तेव्हा अंगणातल्या सुंभाच्या बाजेवर आडवा पडून त्यानं मला हीच खोली समजावली होती. आमच्याकडे उन्हाळ्यात बाजेवर काही अंथरत नाहीत. उघड्या सुंभावर झोपायचं, म्हणजे खालून वारा लागतो. "ताई, एवढंच आहे बघ," तो म्हणाला होता. "यंत्राला बाजेवर झोपवायचं."

दीक्षितांना मी हे सांगितलं नाही. अनोळखी माणसांसमोर मला बोलायला वेळ लागतो, आणि तोवर ते मुद्द्यावर आले होते.

"बाई, तुम्हाला अंधारात ठेवणं बरं नाही. ज्या कंपनीनं यंत्र दिलंय, तिला ही जमीन पसंत नाही. उद्या उद्घाटनानंतर त्यांचा माणूस सगळी कपाटं एकदम पूर्ण जोरात चालवणार आहे. ऐन मे महिन्यातली दुपार. खोलीच्या तापमानाचा हा काटा लाल रेषेला लागला, तर तो सही करणार नाही. मग ही जमीन उपटायची आणि छतातून नळ घालायचे, असं वरून ठरलंय."

"आणि नाही लागला तर?"

"तर नाशिकच्या कारखान्यातली खोली याच नकाशावर होईल."

त्यांचा माणूस म्हणजे मेनन. गोल चेहऱ्याचा, घाईत असलेला, मुंबईहून आलेला इंजिनिअर. मी मिलिंदची बहीण आहे हे कळताच त्यानं हात जोडले. "आपके भाई का ड्रॉइंग मैंने देखा है. बहुत सुंदर है," तो म्हणाला. मग जरा थांबून, खऱ्या दुःखानं म्हणाला, "लेकिन मशीन ड्रॉइंग नहीं पढ़ता, मॅडम."

धरणाच्या काठी

त्या दुपारी माझ्या डोक्यातला काटा काही खाली उतरेना. ते बघून भागूबाईंनी मला बळंच पौडमार्गे मुळशीच्या धरणाकडे नेलं. ताम्हिणीच्या बाजूचे डोंगर निळसर धुरकट दिसत होते. पाणी उन्हाळ्यानं मागे हटलं होतं आणि काठाला लाल मातीच्या पायऱ्यांसारख्या रेषा उमटल्या होत्या. खाली गावं आहेत, पाणी फार उतरलं की जोती दिसतात, असं भागूबाई म्हणाल्या. त्यांच्या आज्जीचं माहेर तिथलंच. हे त्यांनी हवापाण्याबद्दल बोलावं इतक्या सहज सांगितलं आणि लगेच एका पोरीकडून द्रोणभर करवंदं घेतली.

आम्ही दगडावर बसलो. मी पहिलंच करवंद तोंडात टाकलं आणि एका माकडानं उरलेला द्रोण माझ्या मांडीवरून उचलला. झाडावर बसून ते आमच्यासमोरच खाऊ लागलं.

"गिळ, मुडद्या!" भागूबाई ओरडल्या आणि मग माझ्याकडे वळल्या. "तुमी बी वरडा की, ताई. गप काय बसता? गप बसलं की समदी घेऊन जात्यात."

मी ओरडले नाही. मला ते जमण्यासारखं नव्हतं.

सतरंजी

तिसऱ्या दिवशी खोलीत मोठी गर्दी होती. मुख्य कपाटाला झेंडूचा हार घातला होता. समोर पाटावर कलश, नारळ, अगरबत्त्या. अगरबत्त्या मेननच्या आग्रहावरून पेटवायच्या नव्हत्या, नुसत्या ठेवायच्या होत्या. आणि भागूबाईंची सतरंजी कपाटांसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरली होती. गुरुजींनाही ती पसंत पडली. नाहीतर अक्षता भोकांतून खाली गेल्या असत्या, असं ते म्हणाले. विहारातली सतरंजी पूजेखाली अंथरलेली पाहून रामभाऊ गालातल्या गालात हसले.

नारळ बाहेर फोडला. टाळ्या झाल्या. दीक्षितांनी मिलिंदचं नाव घेतलं, तेव्हा भागूबाईंनी माझा हात घट्ट धरला. मग मेनननं एकेक कपाट सुरू केलं. फिती गरगर फिरू लागल्या, छपाईयंत्र करकरू लागलं, लहान दिवे लुकलुकले. भऱ्याचे सरपंच, कारखान्याचे अधिकारी, त्यांच्या बायका, सगळे सतरंजीवर ऐसपैस बसून पेढे खात पाहत होते. बाहेर जीव नकोसा करणारं ऊन होतं. बसायला यापेक्षा चांगली जागा पंचक्रोशीत नव्हती.

थोड्या वेळानं मेननचा चेहरा बदलला. काटा चढत होता.

दीक्षितांनी थंडीच्या यंत्राला हात लावून पाहिला. ते नीट चाललं होतं. कुणी तरी म्हणालं, गर्दी फार झाली, दार उघडा. दार उघडलं तर मे महिना आत आला आणि काटा आणखी वर गेला. दार घाईनं लावून घेतलं. एकानं टेबलफॅन आणला. पेढे खाणं थांबलं.

"म्हटलं होतं ना मी," एक अधिकारी शेजाऱ्याला म्हणाले. ते हळू बोलले होते, पण मला ऐकू आलं. "पोरगं हुशार होतं, पण पुस्तकी."

मेनन काट्यासमोर उभा होता. त्याच्या हातात पेन होतं आणि त्यानं त्याचं टोपण परत लावलं. "दीक्षित साहब, थोड़ा और देखता हूँ. फिर बंद करना पड़ेगा. मैं साइन नहीं कर सकता."

दीक्षित माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी कपाटांसमोर दुसऱ्या रांगेत बसले होते. मान खाली घालून पायांकडे पाहत होते. पाय उबदार होते. सतरंजी खरंच जाड होती, चांगली विणलेली. हिवाळ्यात आमच्याकडे बाजेवर अशीच जाड गोधडी टाकतात. मग खालून वारा...

मी उभी राहिले.

"सतरंजी उचला," मी म्हटलं.

कुणी ऐकलं नाही. छपाईयंत्राचा आवाज मोठा होता. मी पुन्हा म्हटलं. सरपंच माझ्याकडे बघून म्हणाले, "बसा, बाई, बसा. बघतायत साहेब."

तेव्हा मी ओरडले. आयुष्यात मी एवढ्या मोठ्यानं कधी बोलले नव्हते. ग्रंथालयात तर मी इतरांना गप्प करत असते. "उठा सगळे! वारा खालून येतो! त्याच्यावर बसलाय तुम्ही!"

क्षणभर सगळे बसल्या जागी थिजले. दीक्षितांनी खाली पाहिलं आणि कपाळावर हात मारला. पण आधी हलल्या त्या भागूबाई.

"अगं बया बया! माझीच सतरंजी!" असं म्हणत त्यांनी एक टोक धरलं. "ए, उठा की समदी! सरपंच, तुमी आदुगर उठा, तुमचंच वजन जास्त हाय! अवं, धरा तिकडनं!"

माणसं धडपडत बाजूला झाली. कलश दीक्षितांनी उचलला, पाट गुरुजींनी. मग दोघा नवराबायकोंनी सतरंजी ओढून घेतली आणि सगळी जाळी एकदम मोकळी झाली. पाटाभोवतीच्या झेंडूच्या पाकळ्या फरशीवर पडल्या होत्या, त्या भर्रकन वर उठल्या. पिवळ्या आणि केशरी पाकळ्या कपाटांच्या उंचीपर्यंत गेल्या, तिथे गिरक्या घेत राहिल्या. सरपंचांच्या हातातली पेढ्याची पुडी उडाली. अधिकाऱ्यांच्या बायकांनी पदर सावरले. खोलीभर तो गार वारा पसरला आणि मला वाटलं, की माझ्या भावानं सगळ्यांदेखत एक मोठा श्वास सोडला.

"कचरा! कचरा!" मेनन ओरडत होता आणि दोन्ही हातांनी हवेतल्या पाकळ्या पकडत होता. "सबको बाहर निकालो! मशीन में फूल जाएगा!"

सगळ्यांना बाहेर काढलं. मला मात्र दीक्षितांनी थांबवून घेतलं. त्यांनी, मी आणि मेनननं गुडघ्यांवर बसून ओल्या फडक्यांनी पाकळ्या आणि अक्षता टिपल्या. वर काटा आधी थबकला, मग हलकेच मागे फिरला, आणि नंतर असा उतरत गेला, की मेनन फडकं हातात घेऊन त्याच्याकडे नुसता बघत बसला. बाहेर दुपार टळटळीत तापली होती. आत सगळी कपाटं पूर्ण जोरात चालत होती. मेनननं मुद्दाम चाचणी लांबवली. संध्याकाळ होईपर्यंत काटा लाल रेषेच्या जवळसुद्धा फिरकला नाही. शेवटी मेनननं दीक्षितांकडे स्वेटर मागितला.

सही केल्यावर तो माझ्याकडे आला. "मॅडम, आप भी इंजीनियर हैं?"

"नाही. ग्रंथपाल."

"कैसे समझा फिर?"

मी त्याला बाजेबद्दल सांगितलं. हिंदीत बाजेला काय म्हणतात ते मला आठवेना, म्हणून हातवारे करून सांगितलं. दीक्षितही ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी मोजे काढले आणि जाळीवर अनवाणी जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, "नाशिकचं काम पावसाळा संपला की काढतो. तिथल्या माणसांना आधी तुमच्या घरची बाज दाखवायला पाठवतो."

बाहेर भागूबाई सतरंजीची घडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांचा चेहरा पडला होता. "मी मानानं अंथरली ओ, ताई," त्या म्हणाल्या. "दादाचं वाटोळं करत व्हते की मी."

"नाही," मी म्हटलं. "तुम्ही अंथरली म्हणून तर सगळ्यांना तो वारा दिसला. नाहीतर काटा खालीच राहिला असता आणि लोक पेढे खाऊन घरी गेले असते."

त्यांनी थोडा विचार केला. "व्हय," त्या म्हणाल्या. "सरपंच बी उठला. त्यो कुणाच्या बापासाटी उठत न्हाई."

परतीची गाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी पिरंगुट फाट्यावर दोघंही मला सोडायला आले. पिशवीत आंबेमोहोर तांदूळ होते आणि चप्पल रामभाऊंनी तारेनं बांधून दिली होती. गाडी खच्चून भरलेली आली. कंडक्टर दारातच अडवून म्हणाला, "जागा न्हाई, मावशी. दुसरीनं या."

"जागा न्हाई म्हंजी?" भागूबाई पुढे झाल्या. "ही कोण हाय ठावं हाय का? हिच्या भावानं कारखान्यात जमिनीखालनं वारा आणलाय!"

कंडक्टरनं घाम पुसला. "मग आमच्या गाडीत बी आणा म्हणावं जरा."

सगळी गाडी हसली. पुढच्या बाकावरच्या दोन बायका आत सरकल्या आणि मला बसायला जागा झाली. गाडी हलली. भागूबाई काही तरी ओरडून सांगत होत्या, ते ऐकू आलं नाही. मी हात हलवत राहिले.

शेजारच्या बाईच्या मांडीवर कोंबड्यांची पाटी होती. तिनं मला विचारलं, "जमिनीखालनं वारा म्हंजी कसा ओ?"

मी सांगायला लागले. आधी तिला एकटीला, मग मागचा म्हातारा वाकून ऐकायला लागला म्हणून जरा मोठ्यानं, आणि भूगाव आलं तोवर कंडक्टरही तिकिटांचं पाकीट काखेत धरून उभा होता. मिलिंद कसा होता, यंत्राला बाजेवर झोपवायचं म्हणजे काय, साप स्वेटर मागेल असं तो कुणाला म्हणाला. डिसेंबरनंतर त्याचं नाव माझ्या तोंडून असं न अडखळता निघत नव्हतं. आता ते निघत होतं, आणि इंजिनाच्या वर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"मग काटा उतरला का?" मागच्या म्हाताऱ्यानं विचारलं.

"थांबा, तिथवर येतेय," मी म्हटलं. "आधी सतरंजीचं ऐका."